सत्तरच्या दशकातील मराठी गाणी : श्रीमंती शब्दांची की आपल्या वयाची?

सायंतारा

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. १९७४ ते १९७९ या काळात आम्ही दोघी बहिणींनी रेडिओवरून उतरवून घेतलेली गाणी तीत आहेत. ‘आपली आवड’ लागले की एकीने पहिली, तिसरी, पाचवी ओळ लिहायची आणि दुसरीने मधल्या ओळी लिहायच्या, कारण रेडिओ कोणासाठी थांबत नसे आणि एकटीच्या हाताला तो वेग झेपत नसे. गाणे संपले की दोन्ही कागद शेजारी ठेवून ते वहीत नीट उतरवायचे. जो शब्द दोघींच्याही कानांतून निसटला असेल तिथे रिकामी जागा सोडायची आणि ते गाणे पुन्हा लागेपर्यंत, म्हणजे कधी आठवडाभर तर कधी दोन-दोन महिने, वाट पाहायची. काही जागा आजही तशाच रिकाम्या आहेत. आता कोणताही शब्द घटकाभरात सापडतो, तरी त्या भराव्यात असे मला वाटलेले नाही.

परवा ती वही पुन्हा उघडली आणि एक मत मांडावेसे वाटले. चित्रपटातल्या गाण्यात कवितेला जो मान सत्तरच्या दशकात मिळाला, तो त्यानंतर तितक्या प्रमाणात मिळाला नाही. डॉ. जब्बार पटेल यांचे तीनच चित्रपट पाहा. ‘सामना’मध्ये आरती प्रभूंची कविता भास्कर चंदावरकरांनी स्वरबद्ध केली आणि रवींद्र साठे यांनी ती गायली. १९७७ च्या ‘जैत रे जैत’साठी पळसखेडला शेती करणाऱ्या ना. धों. महानोरांनी गाणी लिहिली आणि पंडित हृदयनाथ मंगेशकरांनी त्यांना चाली दिल्या. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये सुरेश भटांची ‘उषःकाल होता होता’ ही रचना आशाबाईंच्या आवाजात आली. हे तिघेही आधी कवी होते आणि मग गीतकार झाले. चाल शब्दांच्या मागून चालत असे, म्हणून तर आम्हाला ते शब्द वहीत उतरवून ठेवावेसे वाटत. ज्या गाण्यात उतरवून घेण्याजोगे काही नाही, त्याच्यासाठी दोन मुली पेन्सिली सरसावून बसत नाहीत.

माणदेश

आपल्या वहीविषयी वाचून फार बरे वाटले, तरीही आपल्या मताशी मी सहमत नाही. आपण ‘सत्तरच्या दशकातील मराठी गाणी’ म्हणता तेव्हा आपल्या मनात रेडिओवरची आणि पडद्यावरची गाणी असतात. माझा जन्म माण तालुक्यातला. १९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांची होते आणि माझी आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होती. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, कामावरच्या मुलांना सुकडी, म्हणजे कोरडा पोषक खाऊ, मिळायची, आणि संध्याकाळी मुकादमाने मस्टरवर आईचा अंगठा घेतला की आम्ही घरी परतायचो. आमच्या घरी रेडिओ नव्हता. गावात ग्रामपंचायतीचा एक रेडिओ चावडीत होता, पण त्याच्याभोवती पुरुष बसायचे. बायकांनी चावडीत जाऊन गाणी ऐकण्याची रीत नव्हती.

म्हणजे आमच्याकडे गाणे नव्हते का? आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. दुष्काळात जात्यात घालायला दाणाच उरला नाही, तेव्हा त्याच ओव्या खडीवर आल्या. दहा-बारा बायका ओळीने बसलेल्या असत, एकीने पहिली ओळ धरली की दुसरी ओळ पलीकडची कोणी तरी पुरी करी, आणि हातोडीचे घाव आपोआप त्या लयीत पडत. त्या ओव्या रोज नव्या होत्या. मुकादमावर होत्या, मिलोच्या भाकरीवर होत्या, माहेरच्या आटलेल्या विहिरीवर होत्या. त्याच दशकाच्या शेवटी गावात पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवीही त्याच्याबरोबर गेली. गिरणी आल्याचे मला दुःख नाही, कारण आईची पाठ त्यामुळे वाचली. पण कवितेला त्या दशकात मान मिळाला असे आपण लिहिले, तेव्हा ही कविता कोणत्या खात्यात धरायची, हे मला विचारायचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ या अभ्यासकांनी पुढे गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या नसत्या, तर त्या ऐकायलाही उरल्या नसत्या.

काठावरचा

दोघींचेही लेखन मनापासूनचे आहे, म्हणूनच एक वेगळा मुद्दा स्पष्टपणे मांडतो. आपण गाण्यांविषयी बोलत आहोत असे आपल्याला वाटते, पण बोलत असतो आपल्या पंधराव्या-सोळाव्या वर्षाविषयी. माझेच उदाहरण देतो. अनेक वर्षे मी ‘शुक्रतारा मंद वारा’ हे माझ्या कॉलेजच्या काळातले, म्हणजे १९७६-७७ चे गाणे समजत होतो. वसतिगृहाच्या गच्चीवर, परीक्षेच्या आदल्या रात्री, एका मित्राच्या ट्रान्झिस्टरवर ऐकलेले ते गाणे माझ्या आठवणीत त्या गच्चीला इतके चिकटले होते, की पाडगावकर, खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे ते गाणे साठच्या दशकाच्या पूर्वार्धातले आहे हे कळल्यावर मला अक्षरशः पटेना. आकाशवाणी जुनी गाणी पुन्हा पुन्हा लावत असे आणि आपण ज्या वयात ते प्रथम मन लावून ऐकले, त्या वर्षी ते जन्मले असे मानून मोकळे होतो.

माझी मुलगी १९९८ च्या ‘गारवा’विषयी हुबेहूब हेच बोलते. मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांच्या त्या कॅसेटची तिने फीत गुंतेपर्यंत पारायणे केली, आणि तिच्या मते त्यानंतर पावसावर धड गाणे झाले नाही. तिचे खरे मानायचे की सायंतारा यांचे? मला वाटते, दशक श्रेष्ठ ठरवण्याचा हा खटाटोपच सोडून द्यावा. याला स्मृतिरंजन म्हणतात आणि त्यात गैर काहीच नाही, फक्त त्याला रसग्रहणाचे नाव देऊ नये.

सायंतारा

काठावरचा, आठवण गाण्याला चिकटते हे मला मान्य आहे, पण तेवढ्याने गाण्याची गुणवत्ता हा प्रश्न निकालात निघत नाही. माझ्या त्या वहीत साधारण दीडशे गाणी आहेत. ती सगळी मी त्याच वयात, त्याच खिडकीशी बसून, त्याच बहिणीबरोबर लिहून घेतली. केवळ वयाचाच प्रश्न असता, तर आज ती सगळी मला सारखीच आवडायला हवी होती. तसे होत नाही. त्यांतली निम्मी गाणी वाचताना मला अवघडल्यासारखे होते, कारण यमकासाठी ओढून आणलेल्या चंद्र-चांदण्यांपलीकडे त्यांत काही नाही. पंचवीस-तीस गाणी मात्र अशी आहेत, की तेव्हा न कळलेला अर्थ आज कळतो. आरती प्रभूंच्या ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’मधला प्रश्न सोळाव्या वर्षी मला फक्त चालीसकट पाठ होता. आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या जिन्यावर बसले असताना तो पहिल्यांदा माझ्यापर्यंत पोहोचला. हे श्रेय माझ्या वयाचे नाही, त्या कवीचे आहे. आणि सुरेश भटांची ती रचना आजही सभा-मोर्चांमध्ये म्हटली जाते, तीही १९७९ साली ज्यांचा जन्मसुद्धा झालेला नव्हता अशा मुलांकडून. त्यांचे कोणते स्मृतिरंजन तिथे काम करत असेल?

माणदेश यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ सरळ उत्तर नाही. ओवी माझ्या हिशेबात नव्हती, आणि ती असायला हवी होती.

गिरणगाव

या चर्चेत एक नाव अजून आलेले नाही, आणि ते का आले नाही हे मला ठाऊक आहे. दादा कोंडके. १९७१ च्या ‘सोंगाड्या’पासून ते दशकभर गाजले आणि लालबाग-परळच्या चाळींत त्यांची गाणी ज्या प्रेमाने वाजली, तेवढ्या प्रेमाने भावगीत वाजले नाही. माझे वडील कापड गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. तीन पाळ्यांमुळे खोलीतली माणसे पाळीपाळीने झोपायची, म्हणून घरात रेडिओ मोठ्याने लावता येत नसे. गाणी ऐकू यायची ती खाणावळीत, न्हाव्याच्या दुकानात आणि गणपतीत पटांगणात लावलेल्या कर्ण्यावर. साच्यांच्या खडखडाटात आठ तास काढून आलेल्या माणसाच्या कानाला हलक्या हरकती लागत नाहीत, त्याला ढोलकी लागते. स्वतः दादा नायगावात, गिरणी कामगारांच्याच वस्तीत वाढले होते, आणि ते आपल्यातलेच आहेत हे त्यांच्या बोलण्या-चालण्यात कळायचे.

संगीताची गोष्टही बोलू. दादांनीच ‘राम-लक्ष्मण’ हे नाव दिलेल्या संगीतकार जोडीला त्या काळी ‘गावठी’ म्हणून हिणवले गेले. त्यांतले राम दशक संपण्याआधीच गेले. लक्ष्मण, म्हणजे नागपूरचे विजय पाटील, यांनी जोडीदाराचे नाव न सोडता काम चालू ठेवले, आणि १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’ची गाणी त्यांचीच आहेत. त्या चित्रपटात त्यांच्या चाली लताबाईंनी गायल्या. तेव्हा मात्र कोणी गावठी म्हटले नाही. ‘पिंजरा’चे उदाहरण घ्या. १९७२ सालच्या त्या लावण्या लिहिणारे जगदीश खेबुडकर पेशाने शिक्षक होते आणि राम कदमांच्या त्या चाली आज अभिजात म्हणून कौतुकाने ऐकल्या जातात. व्ही. शांताराम यांचे नाव असले की ढोलकी कला ठरते आणि दादा कोंडके यांचे असले की ती थिल्लर ठरते, हे मला पटत नाही.

काठावरचा

गिरणगाव, आपला मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. ज्याने जे ऐकले, ते त्याचे दशक.

तुळशीवृंदावन

मला तसे वाटत नाही, आणि ते सांगणे आवश्यक आहे. राम-लक्ष्मण यांच्या चालींविषयी गिरणगाव यांनी लिहिले ते खरे असेल, ढोलकीला कमी लेखू नये हेही खरे. पण त्या चालींवर दुहेरी अर्थाचे जे शब्द बसवले जात, ते आम्ही कुठे ऐकले याचाही विचार करावा. १९७८ साली मी अकरावीत होते आणि रोज एस. टी. ने तालुक्याला जात असे. स्टँडवर पानटपरीपाशी उभी असलेली मुले आम्ही जवळून जाऊ लागलो की नेमकी ती ओळ मोठ्याने म्हणत, आणि ओळ सिनेमातली असल्यामुळे तक्रार कोणाकडे करायची हेही कळत नसे. मास्तरांना सांगितले, तर ते म्हणाले की गाणे तर सगळेच म्हणतात. आम्ही चौघी मैत्रिणींनी पुढच्या थांब्यापर्यंत दीड किलोमीटर चालत जाण्याचा मार्ग पत्करला. पूर्ण दोन वर्षे.

आजही लग्नाच्या वरातीत ती गाणी वाजली की आजूबाजूची माझ्याच वयाची माणसे आनंदाने नाचतात आणि माझ्या पायांना तो दीड किलोमीटरचा रस्ता आठवतो. आठवण गाण्याला गोड करते असे वर म्हटले आहे, पण ती कडूही करते. म्हणून शब्दांना महत्त्व देणाऱ्या सायंतारा यांच्याशी मी सहमत आहे, फक्त माझे कारण वेगळे आहे.

गिरणगाव

ताई, हे मी कधी ऐकले नव्हते. पटांगणात आम्ही मुले पुढे बसायचो, आणि बहिणी-आया गॅलरीतून पाहायच्या. त्या हसत होत्या की नाही, हे मागे वळून पाहिल्याचे मला आठवत नाही. चालींबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेत नाही, पण शब्दांबद्दल तुमच्यापुढे वाद घालणार नाही.

माणदेश

सायंतारा यांनी ‘जैत रे जैत’चा उल्लेख केला होता, त्यावरून एक प्रसंग लिहिते. तो कोणत्या बाजूचा पुरावा आहे, हे मला सांगता येणार नाही. चित्रपट येऊन गेल्यानंतरच्या वर्षी मोठ्या भावाला साखर कारखान्यात नोकरी लागली आणि त्याने घरात पहिला ट्रान्झिस्टर आणला. आईने त्याला दुपट्ट्यासारखे कापड शिवून कोनाड्यात ठेवले होते. एके दिवशी ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत असताना ‘नभं उतरू आलं’ लागले. आईचे हात थांबले. तव्यावरची भाकरी करपली, तरी तिला कळले नाही. गाणे संपल्यावर ती एवढेच म्हणाली, “हे लिव्हणाऱ्यानं पावसाची वाट बघितल्याली हाय.” महानोर कोण, ते कोठे राहतात, यांतले तिला काहीही ठाऊक नव्हते आणि सांगणारेही कोणी नव्हते.

त्यामुळे शब्दांची पारख केवळ वयामुळे होते, असे मी म्हणू शकत नाही. आई तेव्हा चाळिशीच्या पुढे होती आणि त्या गाण्याशी तिची आधीची कोणतीही आठवण जोडलेली नव्हती. मात्र तिच्या स्वतःच्या ओव्यांना रेडिओवर जागा नव्हती, हेही तेवढेच खरे आहे, आणि ती खंत माझ्या मनातून जात नाही.

सायंतारा

माणदेश, आपल्या आईच्या खडीवरच्या ओव्यांपैकी एखादी आपल्याला आठवते का? माझ्या वहीत शेवटची चार पाने कोरी आहेत. आपली हरकत नसेल, तर ती मला तिथे उतरवून घ्यायची आहे.

माणदेश

हरकत कसली! पण माझ्याजवळ पुरी नाही. पहिली ओळ पक्की आठवते : “पडिला दुष्काळ, सये, जात्याला न्हाई दाणा...” दुसरी ओळ पलीकडे बसणारी आमची आत्या म्हणायची, आईने ती कधी म्हटलीच नाही, म्हणून माझ्या कानांत ती राहिली नाही. आत्या आता नव्वदीच्या घरात आहे आणि मुलाकडे फलटणला असते. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जाणार आहे, तेव्हा विचारते. तोवर आपण दुसऱ्या ओळीची जागा रिकामी ठेवावी.