मेंदूला मार लागलेल्या माणसावर टीव्हीचा भाग करायचाय, कसा करू?

कॅमेरावाली:
आमचं छोटं कम्युनिटी टीव्ही चॅनेल आहे, सगळे बिनपगारी, परिसरातल्या बातम्या, शाळांच्या मॅचेस, वाचनालयाचे कार्यक्रम असं दाखवतो. आता मेंदूच्या दुखापतीवर अर्ध्या तासाचा भाग करतोय. पहिला कट झालाय, त्यात बावीस मिनिटं नुसते डॉक्टर बोलतायत, माहिती सगळी बरोबर आहे पण घरी लावला तर आई दहाव्या मिनिटाला उठून गेली. वाचनालयात पुस्तकं लावणारे एक काका आहेत, त्यांना अपघातात डोक्याला मार लागला होता, ते बोलायला तयार आहेत. त्यांना स्टुडिओत बोलवू का? त्यांना त्रास होईल असं काही करायचं नाहीये.

हळूहळू_चाललोय:
ताई, स्टुडिओत नका बोलवू. मी बाइकवरून पडलो त्याला चार वर्षं झाली, अजून प्रखर लाइट आणि दोन माणसं एकदम बोलायला लागली की डोकं गच्च होतं. काकांना आधी विचारा त्यांना कशाचा त्रास होतो, प्रत्येकाचं वेगळं असतं. माझं म्हणाल तर सकाळी डोकं चालतं, दुपारनंतर नाही, आणि ही दमणूक झोप काढून जात नाही. प्रश्न आदल्या दिवशी लिहून द्या, एका वेळी एकच विचारा. आणि मेन म्हणजे ते शब्दासाठी अडले तर तुम्ही पुरवू नका. मला एकदा चावी हातात धरून 'चावी' म्हणता येईना, बायको पण थांबली, मी पण थांबलो, मग आला शब्द. एडिटिंगमध्ये असे पॉज कापू नका प्लीज, तो पॉज म्हणजेच आमची दुखापत आहे, बाकी बाहेरून काहीच दिसत नाही.

घरची_बाजू:
+१. आमच्या ह्यांना बघून सगळे म्हणतात, आता तर ठणठणीत दिसतात की. मेंदूच्या पुढच्या भागाला मार आहे, त्यामुळे राग आवरत नाही, नळ चालू ठेवून निघून जातात, आणि लोकांना वाटतं स्वभावच बिघडला. हे कोणीतरी टीव्हीवर सांगा हो. अजून एक, ह्यांना काल काय ठरलं ते आज आठवत नाही, काकांचंही तसं असेल तर एकदा सही घेतली म्हणजे परवानगी मिळाली असं धरू नका. शूटिंगच्या दिवशी परत विचारा आणि दाखवायच्या आधी पूर्ण भाग त्यांना दाखवा, नको म्हणाले तर तेवढं काढा.

न्यूरो_वॉर्ड:
नर्स आहे. डॉक्टरांना पूर्ण काढू नका, चार मिनिटं ठेवा आणि त्यात धोक्याच्या खुणा येऊ द्या: परत परत उलट्या, गुंगी वाढत जाणं, फिट येणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, नाका-कानातून पाण्यासारखं गळणं. मार लागल्यावर कधी कधी माणूस नीट बोलतो, चालतो आणि काही तासांनी एकदम ढासळतो, आत रक्तस्राव होत असतो म्हणून, त्यामुळे 'बोलतोय ना, मग झोपू दे' हे चुकतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना साधं पडल्यावरही काही आठवड्यांनी त्रास सुरू होऊ शकतो. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे ते मोजायची पद्धत, १९७४ पासून वापरात आहे, ३ ते १५ गुण, १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत, पण १५ आले आणि डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला तरी नंतर लक्ष न लागणं, चिडचिड, विसरणं राहू शकतं, नातेवाइकांना घरी गेल्यावर ते कळतं. आणि पक्षाघाताने किंवा मेंदूला ऑक्सिजन कमी पडूनही अशीच इजा होते, तेही एक वाक्य घ्या. हेल्मेटने बाइकस्वाराच्या डोक्याला मार लागायचा धोका साधारण ६९ टक्के कमी होतो, हा आकडा स्क्रीनवर टाकाच.

कॅमेरावाली:
खूप आभार सगळ्यांचे. काकांशी बोलले, सकाळी वाचनालयातच शूट करायचं ठरलं, ट्यूबलाइट बंद, खिडकीचा उजेड. ते पुस्तक कुठे लावायचं ते खिशातल्या चिठ्ठीवर बघतात, परत ठेवतात, परत काढतात, तिथूनच भाग सुरू करतेय. खाली सबटायटल टाकू का?

हळूहळू_चाललोय:
टाका, पण दोन ओळीच, मोठ्या अक्षरात, आणि जरा जास्त वेळ राहू द्या. पट्टी सरकवू नका खालून, ती वाचताना मला गरगरतं.