मदत हवी आहे: वय ४७, हनुवटीवर पिंपल्स आणि डोळ्यांखाली सुरकुत्या, लावू तरी काय?

खिडकीतली सीट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. आज स्वतःसाठी विचारतेय आणि जरा लाजतच विचारतेय. घरी विषय काढला तर लेक म्हणते, "आई, सिरम लाव." नवरा म्हणतो, "आता कोण बघतंय?" दोघांचाही उपयोग शून्य.

राहते भांडुपला, ऑफिस फोर्टमध्ये. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये घामाने थबथबून उतरायचं आणि मग आठ तास डोक्यावर एसी. म्हणजे चेहरा दिवसातून दोनदा चिकट आणि मधल्या वेळात कोरडाठाक.

कॉलेजात मला एकही पिंपल आला नव्हता, मैत्रिणी जळायच्या. पंचेचाळिशीनंतर सगळी वसुली व्याजासकट चालू आहे. येतात ते हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि खाली मानेपर्यंत. खोल, ठसठसणारे, तोंड न धरणारे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात जास्त. पाळी तरी कुठे वेळेवर येते आता, कधी २३ दिवसांनी, कधी दोन महिने पत्ता नाही. पिंपल बसला तरी डाग तीन महिने मुक्कामाला. आणि त्याच चेहऱ्यावर डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, गालांवर वांग.

पिंपल्ससाठीचा सॅलिसिलिकवाला फेसवॉश आणला तर चेहरा खेचून बांधल्यासारखा होतो, हसलं की रेघांमध्ये पांढरा भुसा दिसतो. सुरकुत्यांचं घट्ट क्रीम आणलं तर तीन रात्रींत चार नवीन पाहुणे. मॉलमधल्या मुलीने विचारलं, "मॅम, ॲक्ने रेंज दाखवू की एजिंग रेंज?" म्हटलं, दोन्ही. ती हसली हो! वाईट हेतूने नाही, पण हसली.

सध्या काय करते ते सगळं लिहिते, लपवत नाही. सकाळी फेसवॉश, मग घाईत जे हाताला लागेल ते. रविवारी सासूबाईंच्या कृतीने बेसन, हळद, लिंबू. रात्री खोबरेल तेलाने मसाज (एका व्हिडिओत बाई चाळिशीच्या वाटतात आणि वय ६२ सांगतात). शिवाय पार्लरवालीने दिलेलं डागांचं क्रीम, रात्री. चार महिने झाले. खरं सांगायचं तर तेवढंच काय ते लागू पडलंय. सुरुवातीला तर ऑफिसात विचारायला लागले होते, काय लावतेस म्हणून. मध्ये गावाला न्यायला विसरले तर दोन दिवसांत चेहरा लालबुंद आणि चुरचुर, परत लावलं की शांत. त्यामुळे ते सोडवत नाही.

थायरॉइड तपासलाय, ठीक आहे. बीपी, शुगर काही नाही. महिन्याला हजारापर्यंत खर्च करू शकते. असं एखादं काही आहे का जे दोन्हींवर चालेल?

मुलुंडकरीण

अगं, मीपण याच गाडीत आहे, वय ४९. आधी ते खोबरेल थांबव. केसांना लाव, टाचांना लाव, पण पिंपल्सवाल्या चेहऱ्याला नको, छिद्रं बुजतात. आणि केसांना लावलंस तर रात्री कपाळावर उतरतं, उशीच्या अभ्र्याला लागतं, तेही बघ. बेसनाने घासणं बंद. लिंबू तर अजिबातच नको, लिंबू लागलेल्या कातडीवर ऊन पडलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि वांग आणखी काळं पडतं.

"दोन्हींवर एक" विचारतेस तर उत्तर रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन एच्या घराण्यातली औषधं. मला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ॲडापलीन ०.१ टक्के जेल दिलं. मूळ औषध पिंपल्सचंच, पण याच घराण्यातलं ट्रेटिनॉइन सुरकुत्यांसाठीही देतात. अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं, आठवड्यातून दोनच रात्री, आधी मॉइश्चरायझर मग जेल. डोळे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडून. पहिला महिना भयंकर गेला, आतले सगळे एकदम वर आले, मी ट्यूब फेकायला निघाले होते. तिसऱ्या महिन्यात फरक कळला. बारा आठवडे तरी द्यावे लागतात.

भरलं वांगं

आयडीला हसू नका, गालावरच्या वांगावरूनच घेतलाय.

मुलुंडकरीणशी सहमत, पण सनस्क्रीनशिवाय यातलं काहीच करू नका. रेटिनॉइडने कातडी उन्हाला हळवी होते, वांग तर उन्हावरच पोसलं जातं. तुमचा आयडी खिडकीतली सीट आहे म्हणून सांगते, उन्हातले यूव्हीए किरण काचेतून आत येतात. ट्रेनच्या उघड्या खिडकीचं तर बोलायलाच नको.

एसपीएफ ५० वर अडून बसायची गरज नाही. ३० वालं यूव्हीबी, म्हणजे कातडी भाजणारे किरण, साधारण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. खरा घोळ प्रमाणात होतो. तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर दोन रेघा काढायच्या, तेवढं चेहऱ्याला आणि मानेला. आपण लावतो कुंकवाएवढं. वांग असेल तर रंगीत सनस्क्रीन बघा, त्यात आयर्न ऑक्साइड असतं. वांग नुसत्या दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतं आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही. मुंबईच्या घामात क्रीम टिकत नाही, जेल किंवा पातळ लोशन घ्या. आणि पावसाळ्यात सुट्टी नाही, ढगांतूनही येतंच.

औषधाची पुडी

वीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा आहे. बाकी सगळं नंतर बोलू. ताई, ते पार्लरवालं डागांचं क्रीम. "सोडलं की लाल, लावलं की शांत" वाचून माझ्या पोटात गोळा आला. कंपनीचं नाव नको, ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत घटक असतील ते जसेच्या तसे लिहा.

खिडकीतली सीट

ट्यूब मी मागून गुंडाळत आणलीय, त्यामुळे निम्मी अक्षरं घडीत गेलीत. उलगडून, चष्मा लावून, वर लेकीच्या मोबाइलचा टॉर्च मारून वाचलं. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के, मोमेटासोन ०.१ टक्के. खाली लाल चौकटीत काहीतरी इशारा आहे, पण घडीवरची शाई गेलीय.

काय आहे हे?

औषधाची पुडी

वाटलंच होतं. मोमेटासोन म्हणजे स्टेरॉइड. ही तीन औषधांची मिसळ वांगासाठीच आहे, पण डॉक्टरांच्या नजरेखाली थोड्या आठवड्यांपुरती. आपल्याकडे ती "डागांचं क्रीम", "गोरं होण्याचं क्रीम" म्हणून वर्षानुवर्षं खपते.

होतं असं. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबून टाकतं, म्हणून पहिले काही आठवडे चेहरा चकचकीत. लोक विचारतात, आपण खूश. मग कातडी पातळ होत जाते, गालांवर लाल शिरांचं जाळं दिसायला लागतं, काहींना चेहऱ्यावर लव वाढते आणि नवे पिंपल्स येतात. हो, स्टेरॉइडने पिंपल्स येतात. थांबवलं की दाबून ठेवलेलं सगळं उसळून वर येतं, आग, खाज, लाली. माणूस घाबरून परत लावतो. हे चक्र मी काउंटरवरून रोज बघतो. तुमचे सगळेच पिंपल्स यामुळे आहेत असं म्हणत नाही, ते आधीपासून असतील. पण भर नक्की पडली असणार.

हायड्रोक्विनोन म्हणजे डाग फिके करणारं औषध, तेही फार काळ लावत राहिलं तर काहींना उलट निळसर काळे डाग पडतात, ते जाता जात नाहीत.

मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक म्हणतं, "शेजारचा देतो." आणि शेजारचा देतो. आमच्या धंद्याची लाज आहे ती.

आता ताई, दोन गोष्टी. रागाच्या भरात आज रात्रीच ट्यूब कचऱ्यात टाकून गप्प बसू नका, या आठवड्यातच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कसं सोडायचं, मधल्या काळात काय लावायचं, ते त्यांनाच ठरवू दे. आणि तोवर नवीन काही लावू नका. ट्रेटिनॉइन या ट्यूबमध्ये आधीच आहे, त्यावर मुलुंडकरीणबाईंचं जेल चढवलंत तर कातडी सोलून निघेल.

पाटीवर त्वचारोगाची डिग्री बघा. एमडी, डीएनबी, डीडीव्हीएल किंवा जुनी डीव्हीडी. "स्किन अँड हेअर एक्सपर्ट" ही डिग्री नाही. खाजगी परवडत नसेल तर पालिकेच्या सायन, केईएम, नायर, कूपर या सगळ्या हॉस्पिटलांत स्किन ओपीडी आहे, केसपेपर नाममात्र पैशांत. भांडुपहून सायन सोपं. सकाळी लवकर जा.

मुलुंडकरीण

बाप रे. माझं जेल तूर्त राहू दे हं.

पन्नाशीची पोर

स्टेरॉइडचं निस्तरल्यावर पुढचं. हनुवटी, जबडा, पाळीच्या आधी आणि अनियमित पाळी, हे हार्मोनचंच दिसतंय. या वयात इस्ट्रोजेन उतरत जातं, पुरुषी हार्मोन त्या मानाने वरचढ ठरतात, तेलग्रंथी चेकाळतात. इस्ट्रोजेन कमी झाल्यानेच कातडी पातळ आणि कोरडी होते, म्हणून पिंपल आणि सुरकुती हातात हात घालून. दुकानवाल्यांनी दोन कपाटं केलीत, शरीराने केली नाहीत.

मला तपासण्या करून स्पायरोनोलॅक्टोन कमी डोसमध्ये दिलं होतं. मुळात ही बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी. पोटॅशियम वाढू शकतं म्हणून माझं रोजचं शहाळं बंद करायला लावलं, त्याचं मला गोळीपेक्षा जास्त दुःख झालं. ही आपल्या मनाने घ्यायची गोष्ट नाही. आणि पाळी अनियमित म्हणजे संपली असं नव्हे, दिवस राहू शकतात. डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, यातली बरीच औषधं गरोदरपणात चालत नाहीत.

कपाळावर एकसारखे बारीक, खाजणारे पुरळ असतील तर तेही दाखवा. मुंबईच्या घामात बुरशीचे असतात ते. दिसतात पिंपल्ससारखे, औषध वेगळं.

गवती चहा

इतकी रसायनं कशाला? आमच्या आजीने आयुष्यभर दुधाची साय लावली, ऐंशीव्या वर्षी चेहरा असा की बघत राहावं.

भरलं वांगं

आजीला कुणी मोमेटासोन दिलं नव्हतं ना. शिवाय साय लावून फास्टमध्ये चढून दाखवा.

खिडकीतली सीट

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल सायनला जाऊन आले, अर्धी रजा टाकली. साडेआठला पोचले तर माझ्यापुढे रांग होतीच. डॉक्टर मुलगी लेकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. मी सुरकुत्यांपासून सुरुवात केली, तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, आधी ट्यूब दाखवा." माझ्याकडे ट्यूब असणार हे तिला चेहरा बघूनच कळलं होतं. मग भिंगातून गाल बघितला आणि मोबाइलवर फोटो काढून मलाच दाखवला. कापलेल्या बीटच्या रेषा असतात ना, तशा बारीक लाल शिरा. मी त्याला इतके दिवस "तजेला" म्हणत होते. म्हणाली, आज सकाळपासूनची ही पाचवी ट्यूब.

चिठ्ठी इथे टाकत नाही, ती माझ्या चेहऱ्यापुरती आहे. स्टेरॉइड सोडवायचं औषध वेगळं दिलंय. बाकी अगदी मिळमिळीत: बिनवासाचा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, रंगीत सनस्क्रीन. बस. सिरम नाही, स्क्रब नाही, फेशियल नाही, ब्लीच तर नाहीच. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल असं स्पष्ट सांगितलं, आणि दिसतोय. आज ऑफिसात परत विचारलं, काय लावतेस म्हणून. वेगळ्या सुरात. कातडी शांत झाल्यावर रेटिनॉइड हळूहळू चालू करू म्हणाली. म्हणजे मुलुंडकरीण, तुझं जेल रांगेत आहे. पाळीच्या तारखा लिहून आणायला सांगितल्यात, पुढच्या खेपेला हार्मोनच्या तपासण्या. खर्च हजाराच्या आतच बसतोय, सनस्क्रीनच काय ते महाग.

संध्याकाळी भांडायच्या तयारीने पार्लरमध्ये गेले. चिठ्ठी दाखवली, पुडीदादांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. ती गप्प ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, मी तर स्वतः दोन वर्षं लावतेय." आठ वर्षं तिच्याकडे जातेय, खुर्चीत बसून आरशात नेहमी स्वतःलाच बघितलं. काल पहिल्यांदा तिच्या गालांकडे नीट बघितलं. फाउंडेशनच्या खाली तसंच जाळं.

भांडण राहिलं. ती यायला तयार आहे, पण सकाळी पार्लर सोडता येत नाही आणि सुट्टी फक्त सोमवारी. सायनला सोमवारी तोबा गर्दी असते म्हणतात. सेंट्रल लाइनवर सोमवारी जाता येईल अशी दुसरी स्किन ओपीडी कुणाला माहीत आहे का?