दहावीच्या धास्तीनं शाळेतलं कौशल्य शिक्षण मरतंय का?

वावरवाट: काही शाळांत नववी-दहावीला मल्टी स्किल (बहुकौशल्य) विषय आहे. त्यात वर्कशॉप, ऊर्जा, रोपवाटिका-शेती, अन्नप्रक्रिया. दिवाळी झाली की त्याच्या तासिका गणित-विज्ञानाच्या सरावाला जातात. नेमकं तेव्हाच हरभऱ्या-गव्हाचं ओलीत सुरू असतं आणि शेतपंपाच्या मोटारी जळतात. ५ एचपीची तीन फेज मोटार साधारण ७.५ अँपिअर घेते. स्टार्टर सारखा ट्रिप होतो म्हणून कोणीतरी त्यातला ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा भाग, १२ अँपिअरवर नेऊन ठेवतो. चालत्या मोटारीची एक फेज गेली की उरलेल्या दोन फेजांवर करंट १३ च्या आसपास चढतो, रिले वेळेत पडत नाही, वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) जळतं. हातात क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजणारं) दिलं तर हे शिकवणं दोन तासिकांचं काम आहे. पण शाळेचं मोजमाप निकालाच्या टक्केवारीवरच होत असेल, तर मुख्याध्यापक त्या तासिका देतील कशाला?

घंटा-तास: पूर्ण असहमत. कार्यानुभवाची श्रेणी शाळेच्याच हाती होती, तेव्हा वह्या भरल्या आणि विषय संपला. मल्टी स्किलचे गुण गुणपत्रिकेवर येतात म्हणून तर पालक हा विषय घेऊ देतात. आयटीआयची गुणवत्ता यादीही दहावीच्या गुणांवरच लागते. इलेक्ट्रिशियन ट्रेड हवा तर गणितात काठावर पास होऊन भागत नाही. तुमचे १३ अँपिअर तरी कुठून आले? ७.५ गुणिले १.७३, म्हणजे तीनचं वर्गमूळ. गणितच ना!

कपाशीकाठ: काऊन दोघंही मोटारीपाशीच थांबले? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले. लेबलवरचा लाल रंग म्हणजे अतिविषारी, हे पेपरात लिहिता येतं. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, वाऱ्याच्या तोंडावर चालत फवारायचं नाही, हे मात्र पंपात साधं पाणी भरून, पाठीवर घेऊन पिकाच्या ओळीत फिरवल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. परीक्षा ठेवा, पण वही पाहून, दोन प्रश्न विचारून एका दिवसात प्रात्यक्षिक उरकणं बंद करा.

वावरवाट: आणि शिकवणार कोण? प्रशिक्षक एजन्सीमार्फत कंत्राटी. करार लांबला की जून-जुलै कोरेच. १.७३ शिकवायला मोटारीइतकं चांगलं साधन नाही, तरी ती कोपऱ्यात धूळ खाते.

घंटा-तास: करार लांबतो हा दोष बोर्डाच्या परीक्षेचा नाही. कपाशीकाठ यांचं मात्र पटतं. ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत जवळच्या आयटीआयचा निदेशक (तिथला शिक्षक) शाळेत यावा. रिले सेट करून दाखव, नोझल साफ करून दाखव, गुण तिथल्या तिथे नोंदवून बोर्डाकडे. मग दिवाळीनंतर तासिका पळवली तर जानेवारीचे गुण बुडतील, आणि ते निकालातही दिसतील.