कोरीव सारीपाट दिवाणखान्यात: शोभेला की खेळायला?

दगडी वाडा:
संभाजीनगर-लातूरकडच्या नव्या बंगल्यांत सागवानी कोरीव सारीपाट मांडतात, पितळी पट्टी मारून, वर काच टाकून. लोक 'दिखावा' म्हणून नाकं मुरडतात. मला तसं वाटत नाही. फतेहपूर सिक्रीत अकबराच्या महालाच्या अंगणात फरशीतच पट आखलाय. वेरूळच्या 21 व्या लेण्यात शंकर-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेत. हा खेळ मानाचाच, मग मानानं मांडला तर बिघडलं कुठं? सुताराच्या हाताला काम तरी मिळतं.

सोंगटी:
अहो, त्या लेण्यात दोघं खेळताहेत, पट काचेखाली झाकलेला नाही!
सारीपाट मुळात कापडाचा. चार पट्टे, प्रत्येकी 3 ओळी × 8 घरं, म्हणजे 96, आणि मधलं मोठं घर. गुंडाळला की पेटीत. लाकडी पटात नक्षी घरातच खोल कोरली तर सोंगटी डगमगते. फासा खाचेत तिरका अडकतो, मग दान कोणतं धरायचं यावर भांडण. त्याहून वाईट म्हणजे नक्षीला जागा करायला पट्ट्यात सातच घरं पाडणं. तिथं फेरीचा हिशोबच बदलतो. असला पट महाग असेल, पण तो सारीपाट नव्हे.

रंधा:
सोंगटीताईंचं घरांबद्दल पटलं, कापडाचा हट्ट नाही. लाकडी पट नीट केला तर उत्तम चालतो. नक्षी फक्त कडेच्या चौकटीवर. घरांच्या रेघा जेमतेम एक-दीड मिलिमीटर, पृष्ठभाग सपाट.
खरी चूक जोडणीत होते. मराठवाड्यात मे महिन्यात हवा कोरडी ठाक, जुलैत दमट. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं आकसतं, फुगतं. फळी चारही बाजूंनी डिंकानं पक्की केली की पहिल्याच उन्हाळ्यात मधोमध तडकते. ती चौकटीच्या खाचेत मोकळी बसवा, दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, खुंटी फक्त मध्यावर. वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात. जाड लॅकर नको, त्याच्यावरून फासा घसरत पार खाली जातो.

दगडी वाडा:
मोकळी फळी मान्य, सातची आठ घरंही मान्य. काच मात्र राहणार. धूळ नक्षीत बसली की काढता काढता धार मोडते.

सोंगटी:
नक्षी चौकटीवरच ठेवली, तर काच कशाला? मऊ ब्रश पुरतो. सोळा सोंगट्या पटावर मांडून ठेवा, आलेला पाहुणा आपणहून बसेल.