पबमधल्या बिअरचे बरेवाईट अनुभव

नव्या पबमध्ये गेलो की मी मेन्यूच्या आधी आजूबाजूच्या टेबलांवरचे ग्लास बघतो. प्रत्येक घोटागणिक फेसाची जाळी काचेला चिकटून राहिली असेल तर ग्लास स्वच्छ आहे, आणि भरलेल्या ग्लासात आतून बुडबुडेच बुडबुडे चिकटलेले दिसले तर समजा नीट धुतलेला नाही. तुम्ही काय बघता? काय आवडलं, काय अर्धं टाकून उठलात, येऊ द्या.

~~~

मी बिअरचे नळ मोजायचं सोडलंय. भिंतभर नळ लावून ठेवतात, खपतात त्यातले चार, बाकीची पिंपं उघडून पडलेली. आयपीए (भरपूर हॉप्सची, म्हणजे वासाला नि कडवटपणाला घालतात त्या फुलांची, बिअर) तर ताजीच प्यावी, हॉप्सचा वास आधी उडतो आणि मग नुसता कडवटपणा उरतो. मी सरळ विचारतो, इथं जास्त काय जातं? तेच मागवतो.

~~~

+१. आणि नळ्या कधी धुतल्या तेही विचारा, दोन आठवड्यांत एकदा तरी धुवायलाच हव्यात. एका ठिकाणी (नाव नको) लागरला (ती नेहमीची सोनेरी बिअर) चक्क लोण्याचा वास, बारवाला म्हणे ती अशीच असते, दुसऱ्या नळाची मागवली तर तिलाही तोच वास!! आता काय बोलणार.

~~~

पण हेफेवायझेनला (जर्मन गव्हाची बिअर) केळ्याचा नि लवंगेचा वास आला तर भांडू नका हां, ते यीस्टचं काम आहे. आमचा एक मित्र 'यात इसेन्स घातलाय' म्हणून मॅनेजरला बोलवायला निघाला होता 😀

~~~

स्टाउटप्रेमी (म्हणजे काळ्या बिअरचा) आहे का कुणी? नायट्रोजनमुळे फेस सायीसारखा बसतो, तो बसेपर्यंत थांबून मग ग्लास वरपर्यंत भरणारा बारवाला भेटला की मी तिथं परत जातोच. आणि काळी म्हणजे कडक असं काही नसतं, गिनेस ड्राफ्ट या स्टाउटमध्ये अल्कोहोल ४.२ टक्केच आहे.

~~~

कास्क एलला (पिंपातच मुरणारी नि तिथूनच वाढली जाणारी इंग्लिश पद्धतीची बिअर) लोक 'कोमट, गॅस गेलेली' म्हणून एक स्टार देतात त्याचा राग येतो. ती ११ ते १३ अंशांवरच द्यायची असते आणि वरून गॅस मारलेला नसतो. मात्र पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपायला हवं, नाहीतर आंबट व्हायला लागते. म्हणून रिव्ह्यू लिहिताना वारही लिहा राव, शनिवारची आणि मंगळवारची बिअर एकच नसते.

~~~

मंगळवारी मी बाटलीच घेतो, तीही तपकिरी. हिरव्या बाटलीला उजेड लागला की वास मारते.