मदत हवी आहे: नोकरी सांभाळून औद्योगिक मानसशास्त्रात एमए

शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत एचआरला आहे, ४ वर्षं झाली. शिक्षण बीकॉम. तिसऱ्या पाळीची पोरं पहाटे डोळे तांबारलेले, हाताला काळी वाळू, हजेरीचं थंब मशीन अंगठा घेत नाही, आणि वर आपण त्यांचीच गैरहजेरी काढतो, हे कुठंतरी नीट शिकून बदलायचंय मला. एमबीए नको, मानसशास्त्रच करायचंय. नोकरी सोडता येत नाही त्यामुळं रेग्युलर जमणार नाही. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं दूरस्थ एमए सायकॉलॉजी बघितलं, त्याला कुठल्याही शाखेचा पदवीधर चालायचा आणि दुसऱ्या वर्षी इंडस्ट्रियल अँड ऑर्गनायझेशनल घेता यायचं, पण २०२५ पासून दूरस्थ मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद झालेत. माहितीपत्रक दोनदा वाचलंय. परत सुरू झालं तरी अडेल ते इंटर्नशिपवर. कोल्हापुरातनं हे आधी कुणी केलंय का, आणि इंटर्नशिप स्वतःच्याच कंपनीत केलेली चालली का दुसरीकडं करावी लागली?