चार्टवर दर दोन तासांची खूण, आजी मात्र रात्रभर पाठीवरच

नवी ड्युटी

वृद्धांच्या शुश्रूषागृहात केअरटेकर म्हणून नुकतीच लागले आहे. ट्रेनिंग संपलं आणि एका जुन्या मावशींच्या हाताखाली सकाळची ड्युटी मिळाली. जे बघतेय ते घरी गेल्यावरही डोक्यातून जात नाही, म्हणून विचारते.

एक आजी आहेत. पक्षाघाताने उजवी बाजू गेलेली, बोलणं जवळजवळ बंद. दर दोन तासांनी कूस बदलायची, असा कागद पलंगाच्या डोक्याशी लावलेला आहे. सकाळी चार्ट उघडला की रात्रीच्या सगळ्या रकान्यांत खुणा असतात, एकाच पेनाच्या, एका दमात ओढलेल्या. आणि आजींच्या पाठीवर चादरीच्या सुरकुत्या खोल उमटलेल्या. डायपर गच्च, ड्रॉ शीट, म्हणजे कमरेखाली घातलेली आडवी चादर, ओली, आणि ओल्याच्या कडेने वाळून पिवळी झालेली रेघ. ती रेघ तासाभरात पडत नाही. परवा स्पंज करताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. नुसता हात लागला तर आजींनी डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

शेजारच्या खोलीतल्या आजोबांना भरवताना पहिला घास गिळायच्या आत दुसरा चमचा तोंडात जातो. ते खोकतात, डोळ्यांत पाणी येतं. "त्यांचं असंच असतं," मावशी म्हणतात.

मावशी वाईट नाहीत, हे मला लिहायलाच हवं. कुणाला कुठली कूस सोसत नाही, कुणाला पाणी कोमट लागतं, सगळं त्यांना पाठ आहे. मी विषय काढला तर म्हणाल्या, "दोघीत इतकी माणसं, तूच सांग कसं करायचं." काल त्यांनी आमच्या ड्युटीच्याही खुणा करून टाकायला सांगितल्या. मी म्हटलं, जे केलंय तेवढंच लिहीन. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.

आधी मावशींशी नीट बोलू की सरळ इन्चार्ज सिस्टरांकडे जाऊ? आणि रात्रपाळीचं काय? त्यांना तर मी ओळखतही नाही.

निवृत्त सिस्टर

अगं, मावशींचं नंतर. तो लाल चट्टा आजच्या आज सिस्टरांना दाखव. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि ती कुणाची तक्रारही होत नाही.

बोटाने हलकेच दाबून, सोडून बघायचं असतं. जागा पांढरट पडून पुन्हा लाल झाली तर तिथला रक्तपुरवठा अजून चालू आहे. लालच राहिली तर आतल्या मांसाला इजा सुरू झाली, बेडसोरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी. सावळ्या कातडीवर लाली लपते. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट रंग, गरमपणा, कडकपणा, दुखणं यावर लक्ष ठेवायचं. तुझ्या आजींनी मनगट धरून दुखतंय हे सांगितलंच आहे.

चट्टा चोळू नकोस. रक्त फिरेल म्हणून पूर्वी मालिश करायचे, त्याने नाजूक झालेलं मांस आणखी फाटतं. मधे भोक असलेली गोल गादीही नको, तिच्या कडांनी भोवतीचा रक्तपुरवठा दाबला जातो. पाठीमागे उशी देऊन साधारण 30 अंश तिरपं ठेवायचं. पूर्ण कुशीवर टाकलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर जातो. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा गादीपासून सुट्या ठेवायच्या. टाचांकडे कुणी बघत नाही, आणि माकडहाडानंतर बऱ्याचदा त्याच जातात.

सिस्टरांशी बोलायची एक वाट सांगते. बेडसोरचा धोका मोजायला ब्रेडन स्केल आहे, 1987 पासूनचं. दुखणं-दाब जाणवतो का, ओल किती, चालणं, अंथरुणात हलणं, खाणंपिणं आणि घासलं जाणं, अशा सहा गोष्टींना गुण देतात. जास्तीत जास्त 23, आणि गुण जितके कमी तितका धोका जास्त. तू एवढंच म्हण, "आजींच्या माकडहाडावर लाली आहे, त्यांचा ब्रेडन स्कोअर परत काढाल का?" कुणावर बोट न ठेवता सिस्टर पलंगापाशी येतात, आणि एकदा आल्या की ओली चादर त्यांना स्वतःलाच दिसते.

आजोबांचंही त्याच दिवशी सांग. जेवताना खोकणं, जेवल्यावर आवाज घरघरणं म्हणजे घास श्वासनलिकेकडे जात असू शकतो. त्यातून न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी व्हायला हवी. तोवर ताठ बसव, छोटा घास दे, गिळल्याची खात्री करूनच पुढचा, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करू नकोस. अन्न किती घट्ट-पातळ हवं ते मात्र आपल्या मनाने ठरवायचं नाही.

आणि चार्टचं तू केलंस तेच बरोबर. पुढची सिस्टर, डॉक्टर त्या खुणांवर विसंबून निर्णय घेतात. वळवल्याची खोटी खूण असेल तर चट्टा का आला याचं कारण भलतीकडे शोधलं जातं.

रात्रपाळी

मी बरीच वर्षं रात्रीच करते. आमची बाजू मांडते, पण खोट्या खुणांची बाजू घेत नाही. असं का होतं, तर वरून वही तपासली जाते, माणूस तपासला जात नाही. रिकामा रकाना दिसला की बोलणी बसतात, ओली चादर दिसली तर कुणी विचारत नाही. "दोन वाजता वळवलं नाही, दोघी दुसऱ्या खोलीत पडलेल्या आजोबांपाशी होतो" असं लिहायची सवय लागली, तर माणसं कमी आहेत हे निदान कागदावर तरी येतं. तेही झाकलंच जातं.

मावशींशी जरूर बोल, पण आजींच्या पलंगाशी नको आणि चारचौघांत तर नकोच. "तुम्ही करत नाही" असं सुरू केलंस तर तिथेच संपलं. "आजींना एकटीने ओढलं की कातडी घासते, तुम्ही खांद्याकडून धराल का, मी कमरेकडून धरते" असं म्हण. स्लाइड शीट, म्हणजे माणूस न घासता सरकवायची गुळगुळीत चादर, असेल तर तीच वापरा. एका फेरीत वळवणं, डायपर, दोन घोट पाणी, घंटी हाताशी, सगळं उरकतं. वेगवेगळं करायला गेलं की वेळ पुरत नाही.

हे सगळं दमून, माणसं कमी पडून होणाऱ्या हयगयीबद्दल. कुणी चिमटा काढला, हात उगारला, बांधून ठेवलं, दमदाटी केली, मुद्दाम घंटी लांब ठेवली, तर कुणाशी चर्चा करत बसू नकोस. आजींना सोडून न जाता इन्चार्जला तिथल्या तिथे बोलावून घे.

घंटीवरून आठवलं, आजींची घंटी कुठल्या बाजूला असते?

एक लेक

माझे वडील अशाच ठिकाणी होते. ताई, एक विनंती. नातेवाईक विचारतील तेव्हा "सगळं छान आहे" म्हणू नका. सगळं सांगायची जबाबदारी तुमच्यावर नाही, तेही कळतं. "सिस्टरांना पाठीच्या कातडीबद्दल नक्की विचारा" इतकं म्हणालात तरी आम्ही विचारू. मला कुणी तेवढं म्हटलं असतं तर मी पांघरूण बाजूला करून बघितलं असतं. भेटायला गेलं की वडील स्वच्छ शर्टात, केस विंचरून बसवलेले दिसायचे.

मात्र पुरावा म्हणून मोबाइलवर फोटो काढू नका. उघड्या अंगाचा फोटो आहे तो, आणि वडिलांना ते अजिबात चाललं नसतं.

नवी ड्युटी

सगळ्यांचे आभार. सिस्टर आल्या, दाबून बघितलं, लाली गेली नाही. डॉक्टरांना कळवलं, एअर मॅट्रेस आली. आजोबांच्या गिळण्याची तपासणी ठरली आहे. घंटी उजव्या कठड्याला गुंडाळलेली असायची. विचारलंत तेव्हा लक्षात आलं, आता डाव्या हाताशी बांधली. आजींनी लगेच दाबून बघितली.

मावशी आता खांदे धरायला येतात, बोलत अजून नाहीत. रात्रीच्या खुणांबद्दल मात्र सिस्टर "बघू" म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला.

निवृत्त सिस्टर

"बघू" म्हणाल्या ना, मग आता लेखी दे. तारीख, वेळ, काय दिसलं, कुणाला सांगितलं, एवढंच. "रात्रपाळी कामचोर आहे" हे त्यात नको. "सकाळी ड्रॉ शीट ओली, कडा वाळलेली, पाठीवर सुरकुत्या, चार्टवर सर्व वेळा भरलेल्या" हे हवं. एक प्रत स्वतःकडे ठेव, त्यात आजींचं नाव घालू नकोस. तरी हललं नाही तर इन्चार्जच्या वर जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर अशा संस्थांची तपासणी करणारं जे सरकारी खातं असेल त्यांच्याकडे.

आणि एअर मॅट्रेस आली म्हणून वळवणं बंद होऊ देऊ नकोस. "आता गादी आहे ना" असं म्हणतील. त्या गादीवरही वळवावं लागतंच, किती वेळाने ते सिस्टरांकडून लिहून घे. गादीचा दाब आजींच्या वजनाप्रमाणे लावलाय का, तेही त्यांना एकदा बघायला सांग.